तिसरा हात

कांजूरच्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली,
बोनेटवर टिचकी मारली,
म्हणाला, बावीस हजार.
म्हटलं, अख्खी गाडीच एकतीसला घेतलीय.
तो हसला. मीही हसले.
हसणं तेवढं फुकट होतं.

मग कुर्ल्याहून आणलं:
इनॅमल दोन लिटर (डब्यावर स्मोक ग्रे,
धुमककाकांच्या मते सरळ पारवा),
लांबी, अस्तराचं रेड ऑक्साइड, टर्पेंटाइन,
वॉटर पेपर, खरखरीतपासून अगदी मऊपर्यंत,
आणि फोमचे चार इंची रोलर.
दुकानदार म्हणाला, ताई, हे दारं-खिडक्यांना लागतात.
हिलाही दारं-खिडक्याच आहेत, मी म्हटलं.

कन्नमवार नगर, पाण्याच्या टाकीमागची जागा.
खाडीचा वारा इथे पत्र्याला हळूहळू चावत असतो,
चाकांवरच्या कमानी त्याने कुरतडलेल्या.
चार रविवार नुसतं घासलं.
पाणी, पेपर, पाणी, पेपर.
नखांत साचलेला गाळ
सोमवारी पॅथॉलॉजीच्या काउंटरवर
लोकांच्या रिपोर्टांवर उमटायचा.

पांढऱ्याखाली निळा निघाला.
निळ्याखाली पिवळा.
आणि डाव्या दारावर, पिवळ्यात, लाल अक्षरं:
टर ट्रेनिंग स्कू

विकणारा म्हणाला होता, एकहाती गाडी,
डॉक्टरांची, घर ते दवाखाना.
मी शेजारच्या सीटखालची चटई उचलली.
तिथे दोन भोकं, एम-सीलने बुजवलेली.
दुसऱ्या ब्रेकची जागा.

तशीच ओल्या कागदासकट बसून राहिले.
एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले मी, अशाच एका पिवळ्या गाडीत.
दाबा मॅडम, दाबा. तो नाही, तो क्लच.
ती ही नसणार. मुलुंडची होती ती.
पण तेव्हा शेजारी कुणाच्या तरी पायाखाली
माझ्यासाठी एक ब्रेक होता, हे खरं.

पहिला हात दिला तेव्हा रोलरचे फुगे आले.
दुसऱ्या हाताला, नेमकी संध्याकाळी,
पालिकेची धुराची गाडी आली डास मारायला.
मागे पोरं, पुढे पोरं, सगळं कंपाउंड गडप.
धूर विरला तेव्हा
मरायला आलेले सगळे डास
माझ्या ओल्या बोनेटवर येऊन मेले होते.

पुन्हा पेपर. पुन्हा पाणी.

धुमककाका खुर्ची घेऊन खाली उतरले.
कपाटांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं रंगखातं,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
शस्त्रक्रिया मुलगी कतारहून आल्यावर.
म्हणाले, बघत काय बसतेस? बघून रंग कळत नाही.
आणि तळवा टेकवला छपरावर,
तापलेलं कपाळ बघावं तसा.
इथे खडा आहे. इथे ओघळलाय.
इथे घाईत होतीस, फोन आला असेल.
आला होता.

दाराशी त्यांचा हात थांबला.
मागे गेला. पुन्हा पुढे.
इथे काहीतरी लिहिलंय, ते म्हणाले.
मी वाकून पाहिलं. पारवा, सपाट, नुसता पारवा.
मग डोळे मिटले, त्यांच्या बोटांशेजारी बोटं ठेवली,
आणि लागलं:
रंगाखाली उभी राहिलेली एक कड,
ट असेल, किंवा र.

लांबी भरून उडवता येईल, काका म्हणाले.
पाव किलो पुरे.

डब्यात होती तेवढी.
मी झाकण लावलं, हातोडीने ठोकून घट्ट केलं.

त्यांनी तळहाताचा रंग लेंग्याला पुसला
(काकू नंतर बोलल्याच मला, तीन दिवस)
आणि विचारलं, तिसरा हात कधी?

उद्या, म्हटलं. सहाला, ऊन चढायच्या आत.
तुम्ही या.